थडगी बोलू लागतात : डॉ. शां. भा. देव यांचे संशोधन

आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलुखात देवळाच्या आवारात किंवा गावाच्या वेशीपाशी कोठे ना कोठे वीरगळ उभा दिसतो. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा, अशी त्याची मांडणी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. जैनांची जुनी वस्ती असलेल्या भागांत सल्लेखना घेऊन देह ठेवलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेले निषिधीचे दगडही आढळतात. या दगडांवर चित्र असते, क्वचित दोन ओळींचा लेखही असतो. त्यामुळे गेलेला मनुष्य कोण व तो कशाने गेला, हे थोडेफार तरी कळते. परंतु ज्यांना लिहिण्याची कलाच ठाऊक नव्हती, ज्यांचे नाव कोणत्याही पोथीत नाही आणि ज्यांची भाषा कोणती होती हेही आज सांगता येत नाही, अशा लोकांविषयी काही जाणून घ्यावयाचे असेल तर कोणाला विचारावे?

शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना एखादे काळे-तांबडे खापर वर आले, तर आपण ते उचलून बांधावर फेकतो. आपल्या भाषेनेही खापराला फारसा मान दिलेला नाही. आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारणे यालाच आपण 'खापर फोडणे' म्हणतो. पुरातत्त्वज्ञाची गोष्ट निराळी. ते खापर कोणत्या थरात सापडले, त्याच्या शेजारी काय होते, ते चाकावर घडविले की हाताने थापले, भट्टीत किती भाजले, हे सारे तो टिपून ठेवतो. खापराबरोबर जेव्हा मनुष्याच्या अस्थी सापडतात, तेव्हा त्याच्या कामाला निराळेच गांभीर्य येते. जिवंतांनी टाकून दिलेली वस्तू आणि मृताजवळ मुद्दाम ठेवलेली वस्तू यांत मोठा भेद आहे. पहिली विसरली गेलेली असते. दुसरी कोणीतरी शेवटचा निरोप देताना हाताने मांडलेली असते.

अशा मांडलेल्या वस्तू वाचण्यात ज्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्या डॉ. शांताराम भालचंद्र देव यांच्या कार्याचा परिचय आम्ही येथे करून देणार आहोत.

देव यांची जडणघडण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाली. तेथे १९३९ साली डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया हे पुरातत्त्वाचे अध्यापक म्हणून आले होते. सांकलियांनी इंग्लंडात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथे उत्खननाचे शिक्षण घेतले होते. १९४५-४६ साली त्यांनी व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी आपल्या शेजारच्या कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केले, हे आपल्या भागातील वाचकांस ठाऊक असावे. देव यांचा प्रारंभीचा अभ्यास मात्र मातीचा नव्हता, ग्रंथांचा होता. जैन साधुसंघाचा इतिहास त्यांनी आगमग्रंथ आणि शिलालेख यांच्या आधारे लिहिला आणि तो १९५६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. ज्याने अक्षरांचा पुरावा तोलून पाहण्याची सवय अशी अंगी बाणवली होती, त्याला पुढे जन्मभर बहुतांशी अक्षरशून्य पुराव्याशी झगडावे लागले. आम्हांस वाटते, ही सवय त्यांना त्या कामी फार उपयोगी पडली. ग्रंथात नाही ते ग्रंथाच्या नावावर न खपविणारा मनुष्य मातीच्या नावावरही भलते काही खपवीत नाही.

१९५०-५१ साली सांकलिया व देव यांनी नाशिक येथे आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये निघाला. प्रवरेच्या काठचे जोर्वे हे लहानसे गाव. तेथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या होत्या आणि त्यांबरोबर एका विशिष्ट घडणीची मातीची भांडी मिळाली : चाकावर घडविलेली, तांबड्या रंगाची, वर काळ्या रंगाने रेखाटलेली भौमितिक नक्षी, आणि भाजणी इतकी पक्की की बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज यावा. तोटीचा चंबू आणि कंगोरा असलेली वाटी हे त्यांचे ठळक आकार. पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हीच भांडी मिळाली, तेव्हा त्या साऱ्या संस्कृतीला 'जोर्वे' हेच नाव पडले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे नाव कोणालाच ठाऊक नसल्याने एका गावाचे नाव त्यांना मिळाले!

त्यानंतर १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे काम झाले. नेवासे म्हटले की मराठी मनुष्याला ज्ञानेश्वरी आठवते; शके १२१२ मध्ये ती तेथे पूर्ण झाली. परंतु ज्ञानदेवांच्याही आधी दोन हजारांहून अधिक वर्षे त्याच प्रवरेच्या काठी लोक घरे बांधून राहत होते आणि त्या घरांच्या जमिनीखाली त्यांची मुले पुरलेली होती.

हे दृश्य कसे असते, ते थोडे सविस्तर सांगावयास हवे. घराच्या चोपलेल्या जमिनीत एक खड्डा खणीत. त्यात हाताने घडविलेले दोन मोठे करडे रांजण आडवे ठेवीत, ते असे की एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाला भिडावे. या जोडरांजणात बालकाचा देह असे. शेजारी एखादी वाटी, एखादा तोटीचा चंबू. मग वरून माती लोटून जमीन पुन्हा सारवून टाकीत आणि त्याच घरात चूल पेटे, दळण चाले, इतर भावंडे खेळत. मोठ्या माणसांना मात्र खड्ड्यात उताणे निजवीत. एकाच समाजात लहानांसाठी एक रीत आणि थोरांसाठी दुसरी, हे पाहून आपणांस नवल वाटावयास नको. आपल्याकडेही दात न आलेल्या बालकाला अग्नी देत नाहीत, भूमीत ठेवतात. तथापि एवढ्यावरून तीच रीत अखंड चालत आली असे म्हणणे घाईचे होईल. मधल्या शेकडो वर्षांचे दुवे दाखवावे लागतात, आणि ते दाखविल्याशिवाय जुने-नवे जोडून टाकणे हा या शास्त्रातला सर्वांत गोड मोह आहे.

नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीन हजार वर्षे दोरा टिकत नाही. पण तांब्याला गंज चढताना त्याचा क्षार मण्यांच्या भोकातील दोऱ्यात भिनला आणि तेवढा दोरा वाचला. तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यात रेशमाचे आणि कापसाचे तंतू असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. पुढे देव व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोली येथे उत्खनन केले (अहवाल १९६५). तेथेही मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत दोरा मिळाला, पण तो जवसाच्या तंतूचा होता. नदीकाठच्या मातीच्या घरांतील हे लोक कापूस, जवस आणि रेशीम यांच्या तंतूंशी परिचित होते, ही गोष्ट कोणत्याही ग्रंथाने सांगितली नसती. ती एका मेलेल्या मुलाच्या गळ्यातील माळेने सांगितली. ती माळ कोणी ओवली असेल, हा विचार मनात येतोच. अहवालात तो लिहिलेला नाही. तेथे मण्यांची संख्या, धातू आणि दोऱ्याची जात एवढेच आहे, आणि तेच योग्य आहे.

जोर्वे लोकांच्या मोठ्या माणसांच्या दफनात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. देह दक्षिणोत्तर, डोके उत्तरेस. आणि पायांचा घोट्याखालील भाग मुद्दाम तोडलेला. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांनी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे केलेल्या मोठ्या उत्खननात याचा भरपूर पुरावा मिळाला. मृताने पिशाच होऊन परत चालत येऊ नये म्हणून असे करीत असावेत, असा तर्क केला जातो. तेथेच पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत ठेवलेला आढळला. त्याचे पाय मात्र शाबूत होते! हा गावाचा प्रमुख असावा असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. ज्याच्या परत येण्याचे भय नाही, किंबहुना ज्याने यावेच असे वाटते, त्याचे पाय का तोडावेत? आपल्या शेजारच्या लिंगायत बांधवांत देह बसलेल्या स्थितीतच समाधिस्थ करतात, हे आपण जाणतो. येथेही मघाचाच इशारा लक्षात ठेवावा. रीत सारखी दिसली म्हणून लोक एकच ठरत नाहीत.

डोके कोणत्या दिशेला, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. 'दक्षिणेकडे पाय करून निजू नये' असे आजी सांगते, तेव्हा आपण हसून सोडून देतो. पण दफनांचा अभ्यास करणारे जगभर याच प्रश्नापासून आरंभ करतात. रशियात व्होल्गा नदीच्या खोऱ्यात मॉर्द्विन नावाचे लोक आहेत. त्यांच्यात एर्झ्या आणि मोक्षा असे दोन मुख्य गट. त्यांची जुनी स्मशाने उकरणाऱ्या संशोधकांना असे दिसून आले की एर्झ्यांच्या थडग्यांत डोके बहुधा उत्तरेस असते, तर मोक्षांच्या थडग्यांत दक्षिणेस. स्त्रियांच्या अंगावरील धातूचे अलंकारही दोहोंत निराळे. लेख नसलेल्या स्मशानात कोण कोणत्या गटाचा, हे तेथे होकायंत्र आणि दागिना मिळून सांगतात. घोड नदी आणि व्होल्गा यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. अभ्यासाची रीत मात्र तीच.

देव पुढे नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व या विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या कार्याचा दुसरा, आमच्या मते अधिक महत्त्वाचा भाग सुरू झाला. मध्यंतरी १९६५ साली त्यांनी नेपाळात काठमांडूलाही उत्खनन केले; पण त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते विदर्भातील शिलावर्तुळांशी.

नागपूरच्या आसपासच्या माळांवर मोठमोठ्या काळ्या धोंड्यांची वर्तुळे पसरलेली आहेत. नागपूर-काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे तर ती शेकडोंनी मोजता येतात. लोखंड वापरणाऱ्या, परंतु लेखनकला नसलेल्या लोकांची ही स्मारके. धोंड्यांचे कडे, त्याच्या आत खाली दफन आणि वर काळ्या चिकण मातीचा व गोट्यांचा भराव, अशी सर्वसाधारण रचना. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतील काही उकरून १८७९ साली त्यांवर लेख लिहिला. धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांनी तो चकित झाला होता. त्या काळची पद्धत अशी होती की वर्तुळाच्या मध्यभागी खड्डा खणावयाचा, भांडी व हत्यारे वर काढावयाची आणि पेटीत भरून संग्रहालयाकडे पाठवावयाची. वस्तू मिळाल्या, पण त्या ठेवणारे लोक हाती लागले नाहीत. ते राहत कोठे, खात काय, लोखंड आणीत कोठून? स्मशान एवढे मोठे, आणि गावाचा पत्ता नाही! हे लोक भटके असतील, म्हणून गाव नाही, असेही म्हटले जाऊ लागले.

देव यांनी स्मशानाबरोबर गावही शोधण्याचा निश्चय केला. त्यांच्या सर्व कार्यातील मर्म आम्हांस येथे दिसते. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट व खापा ही ठिकाणे त्यांनी एकत्र घेतली : टाकळघाटला वस्तीचे पांढरीचे टेकाड, आणि खाप्याला शिलावर्तुळे. 'पांढरी' हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही. जेथे जुने गाव वसून मोडले, तेथील माती राखेने व शेणामातीने पांढुरकी होते, आणि काळी शेतीची तर पांढरी वस्तीची असे आपण म्हणतो. टाकळघाटच्या पांढरीत जी काळी-तांबडी भांडी मिळाली, तीच खाप्याच्या वर्तुळांत मृतांजवळ मिळाली. म्हणजे तेथे राहणारे आणि येथे पुरलेले एकच. १९७० साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. काल इ. स. पूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा.

यानंतर नागपूरजवळ माहूरझरी येथे उत्खनन झाले. त्याचा अहवाल १९७३ चा. तेथील वर्तुळांत मनुष्याबरोबर घोडाही सापडला. घोड्याच्या मुखावर बांधावयाचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही मिळाले. बेंदराला आपण बैलाच्या शिंगांना रंग आणि कपाळाला बाशिंग बांधतो, त्यावरून जनावराला नटविण्याची हौस किती जुनी असू शकते, हे मनात येते. मात्र हे नटविणे सणाचे नव्हते. विदर्भातील अशा काही घोड्यांच्या अस्थींवर कापल्याच्या खुणा आढळल्या आहेत. धन्याबरोबर जाण्यासाठी घोडा मारण्यात आला, असा त्याचा अर्थ लावतात. याखेरीज लोखंडाच्या कुऱ्हाडी, त्यांचे पाते दांड्याला आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, कट्यारी, छिन्न्या, पळ्या आणि चक्क नखे काढण्याच्या नखण्या! नखणीने आम्हांस विशेष विचारात पाडले. योद्ध्याला परलोकी कट्यार लागेल हे समजते. पण कोणीतरी त्याची नखणीही आठवणीने शेजारी ठेवली.

लोखंड कोठून आणीत, या प्रश्नाचे उत्तर नायकुंडने दिले. पेंच नदीच्या परिसरातील या गावी देव व डॉ. अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले. तोवर देव पुन्हा डेक्कन कॉलेजात आले होते. येथेही वर्तुळे आणि वस्ती दोन्ही खणण्यात आली आणि वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली : मातीची गोल भट्टी, भात्याचा वारा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि गाळ गोठून झालेली लोहकीट. थडग्यातील कुऱ्हाड आणि गावातील भट्टी यांची अशी गाठ पडली. १९८२ च्या अहवालात हे सारे आले आहे. हे लोक कितपत स्थिर होते आणि कितपत गुरांमागे फिरणारे, याविषयी विद्वानांत चर्चा चालूच आहे. परंतु त्यांना गावच नव्हते असे आता कोणी म्हणू शकत नाही.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. उत्खनन म्हणजे एका अर्थी नाशच होय. जो थर एकदा खणला, तो पुन्हा कोणाला खणता येत नाही. जणू पुस्तकाचे पान वाचता वाचता जळून जावे. म्हणून खड्ड्याची कड सरळ ठेवणे, प्रत्येक थराला क्रमांक देणे, वस्तू हलविण्यापूर्वी तिचे मोजमाप, रेखाटन व छायाचित्र घेणे आणि शेवटी अहवाल छापणे, या साऱ्यांना व्रताचे महत्त्व आहे. यांतील शेवटची पायरीच पुष्कळदा राहून जाते. खणणे उत्साहाचे काम आहे आणि लिहिणे कंटाळ्याचे. वर्षानुवर्षे पोत्यांत पडून राहिलेली खापरे आणि कधीही न निघालेले अहवाल यांची खंत आपल्या देशातील पुरातत्त्वज्ञ नेहमी व्यक्त करतात. टाकळघाट-खापा, पवनी, माहूरझरी आणि नायकुंड यांचे अहवाल काम संपल्यावर थोड्याच वर्षांत निघाले, हा देव यांचा गुण त्यांच्या शोधांइतकाच मोठा मानला पाहिजे. ते अहवाल वाचावयास रूक्ष आहेत हे कबूल. पण जी वर्तुळे खाणींनी, रस्त्यांनी आणि वाढत्या शहरांनी पुसली जातात, त्यांच्याविषयी मागे काही उरते ते अशा रूक्ष पानांतच.

आपल्या बाजूलाही अशी स्मारके आहेत. गोकाक तालुक्यातील कोन्नूरजवळ दगडी फळ्यांच्या प्राचीन थडग्यांचा समूह आहे. कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेणकलच्या डोंगरावर तशीच सुमारे ४०० स्मारके असून काही तर आत मनुष्य सहज बसू शकेल एवढ्या खोल्या आहेत. विदर्भात धोंड्यांचे कडे, तर येथे फळ्यांची खोली. दगड ज्या जातीचा मिळाला त्याप्रमाणे मृताचे घर बदलले असावे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील डॉ. अ. सुंदर यांनी उत्तर कर्नाटकातील या दगडी खोल्यांचा कसून अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९७५ साली निघाला. बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकालीन नगराचे अवशेष त्यांनीच १९७० च्या दशकात उजेडात आणले. देव नागपुरास आणि सुंदर धारवाडास, एकाच काळात, एकाच प्रकारच्या प्रश्नांशी झगडत होते.

देव यांचे मुख्य लेखन इंग्रजीत असले, तरी मराठी वाचकाला त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. पुरातत्त्वविद्येवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले आणि मराठी विश्वकोशासाठी अनेक नोंदी लिहिल्या. ज्या विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी वाटेल, त्यांनी विश्वकोशाचे खंड काढून पुरातत्त्वविषयक नोंदी पाहाव्यात. नोंद संपली की उजवीकडे लेखकाचे नाव असते. त्यांतील कित्येक नोंदींखाली 'देव, शां. भा.' एवढीच चार अक्षरे दिसतील.